केशव की माधव?

१९६२ साल. मोठ्या सुट्टीचा तिसराच दिवस होता आणि सकाळी आठ वाजता आत्याच्या दारात भांडण जुंपलं होतं.

"भिंग आज माझं! काल दिवसभर तुझ्याकडे होतं."

"काल म्हणजे दुपारपासून. कायद्यानं अजून अर्धा दिवस माझा बाकी आहे."

"आला मोठा कायदेवाला!"

कायदा काढणाऱ्याला घरात सगळे वकीलच म्हणत. तेरा वर्षांचा होता, पण वाद घालायला बसला की साठीचा वाटायचा. त्याच्याशी भांडत होती ती त्याची चुलत बहीण, बारा वर्षांची. सापडेल ती वस्तू फ्रॉकच्या खिशात साठवायची, म्हणून तिचं नाव पडलं खार. आणि दोघांच्या मागे, खांद्यावरून वॉटरबॅग तिरकी अडकवून उभा होता तो तिचा आठ वर्षांचा भाऊ. ताई जाईल तिथे हा जायचाच, म्हणून शेपूट.

"भिंग माझ्या पिशवीत राहील," आत्या दाराला कुलूप घालत म्हणाली. "चला, पाय उचला!"

आत्या संग्रहालयात जुन्या वस्तू दुरुस्त करायची. मागच्या बाजूची तिची खोली खारला पुढे जन्मभर आठवली. उंच खिडकीतून येणारं ऊन, सरस आणि टर्पेंटाइनचा वास, कापसाचे बोळे, एका केसाइतका बारीक ब्रश! पोरांना तिथे मोकळीक होती. नियम एकच: विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

खोलीच्या मधोमध विष्णूची लाकडी मूर्ती उभी होती, बरोब्बर शेपटाच्या उंचीची. चार हात, आणि प्रत्येक मुठीत एक भोक. त्या भोकांत पितळेचे शंख, चक्र, गदा आणि कमळ बसायचे. आत्यानं ते काढून, घासूनपुसून कालच पुन्हा बसवले होते. परवा नव्या दालनाचं उद्घाटन होतं आणि ही मूर्ती अगदी दारासमोर ठेवायची होती.

तेवढ्यात बूट वाजले. संग्रहालयाचे मोठे साहेब आत आले. येऊन तीनच महिने झाले होते त्यांना. हातात एक फोटो होता.

"बाई, हे काय करून ठेवलंय? फोटोत शंख देवाच्या डाव्या हातात आहे. तुम्ही उजव्या हातात दिलात! चारही वस्तू चुकल्यात!"

"साहेब, मला आठवतंय ते असंच..."

"आठवतंय? काढताना चिठ्ठ्या नव्हत्या बांधल्या?"

आत्या लाल झाली. "बांधल्या होत्या. पाण्याचं भांडं कलंडलं, चिठ्ठ्यांवरची शाई पसरली. पण तीस वर्षं ही मूर्ती मी रोज बघते."

"तेच म्हणतोय मी. तीस वर्षं झाली!" साहेबांनी फोटो टेबलावर टाकला. "आठवण दगा देते, फोटो देत नाही. उद्या दुपारपर्यंत मूर्ती फोटोसारखी करा. आणि उद्घाटन झालं की या खोलीच्या किल्ल्या माझ्याकडे द्या. आता विश्रांती घ्या तुम्ही."

बूट वाजत निघून गेले. आत्यानं चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला.

"आत्या," वकील घसा खाकरून म्हणाला, "शंख या हातात काय नि त्या हातात काय, देव तर तोच ना?"

त्या प्रश्नानं आत्या जरा भानावर आली.

"तोच, पण नाव वेगळं रे. शंख कुठून आला ठाऊक आहे? समुद्रात एक राक्षस शंखात लपून राहायचा. त्यानं कृष्णाच्या गुरूंचा मुलगा पळवला. कृष्णानं त्याला मारलं आणि त्याचं ते घरच वाजवायला घेतलं. म्हणजे भीतीच्या घरातून हाक निघाली, उठा म्हणून. चक्र म्हणजे काळ, सतत फिरणारा. गदा म्हणजे बळ. आणि कमळ चिखलात राहतं, पण चिखल अंगाला लावून घेत नाही. या चार वस्तू चार हातांत चोवीस तऱ्हांनी धरता येतात. प्रत्येक तऱ्हेला विष्णूचं एक नाव!"

"चोवीस नावं!" शेपटाचे डोळे विस्फारले.

"उजवीकडे कमळ-शंख आणि डावीकडे चक्र-गदा, तर केशव. मी तसाच मांडला. आणि बरोबर उलट केलं, की माधव. फोटोत माधव आहे. दोन्ही शास्त्राला धरून. म्हणून तर भांडायलाही जागा नाही." तिचा आवाज खाली गेला. "तीस वर्षं मी याला मनात केशव म्हणत आले. माझंच चुकलं असेल का गं, खारे?"

आत्याला कधी कुणाला असं विचारताना खारनं पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं मऊ फडकं घेतलं, शंखावर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. शंख काही तिच्यानं निघेना.

"आत्या, थांब!" खार म्हणाली. "आधी आम्ही शेपटावर करून बघतो. काही चुकायला नको."

आत्यानं हात मागे घेतला. वकिलानं फोटो उचलला. "शेपटा, मूर्तीसमोर उभा राहा. डावा हात वर, शंख. उजवा वर, चक्र."

"मला दोनच हात आहेत!"

"त्यातच भागव. देवाच्या अंगावर जानवं कोरलंय ना, ते म्हणजे तुझ्या वॉटरबॅगचा पट्टा. तो उजव्या खांद्यावर घे."

"का? मी नेहमी डाव्या खांद्यावर घेतो."

"फोटोत उजव्यावर आहे!"

"मग फोटो वेडा आहे!" शेपूट पाय आपटून म्हणाला. "बघ ना समोर! देवाचा पट्टासुद्धा डाव्याच खांद्यावर आहे!"

खार मूर्तीजवळ धावली, फोटो हिसकावून शेजारी धरला. मूर्तीच्या डाव्या खांद्यावर जानवं, लाकडातच कोरलेलं. फोटोत ते उजव्या खांद्यावर!

"आत्या! शंख हलवता येतो, पण कोरलेलं जानवं कोण हलवणार? अख्खा फोटोच उलटा आहे! आरशात दिसतो तसा!"

आत्या स्टुलावर मटकन बसली. "अगं बाई! कालपासून मी नुसते हातच बघत बसले!" मग ती उठायला लागली. "चला साहेबांकडे."

"छे!" वकिलानं बोट वर केलं. "साहेब म्हणतील, तुम्ही मूर्तीच बदललीत. पुरावा भक्कम हवा. फोटो कुणी काढला?"

"दोन चौक पलीकडचे फोटोवाले. रजिस्टरातले जुने फोटो पिवळे पडून पुसले गेले, म्हणून गेल्या वर्षी त्यांनी त्यांच्या वडिलांच्या काचांवरून, म्हणजे काचेच्या निगेटिव्हवरून, नवे छापून दिले."

पोरं धूम पळाली. वाटेत खारनं दोघांना बजावलं, "उलटा छापलात असं तोंडावर म्हणायचं नाही. चिडले तर काच दाखवायचे नाहीत."

फोटोवाले काका लठ्ठ, हसरे आणि स्वतःवर बेहद्द खूश होते.

"काका," खार गोड आवाजात म्हणाली, "विष्णूचा हा फोटो काय सुरेख आलाय! आत्याला अगदी असाच एक हवा. आम्हाला छापताना बघू द्याल?"

काका फुलले. कपाटातून त्यांनी काच काढली. "बघा हं. या काचेची एक बाजू चकचकीत, एक मंद. मंद बाजू नेहमी कागदाला टेकवायची, नाहीतर चित्र उलटं येतं. नवशिके इथेच चुकतात. आमच्याकडे असलं काही चालत नाही!"

लाल दिव्याच्या खोलीत तिघं श्वास रोखून उभी राहिली. पाण्याच्या तबकात कागदावर हळूहळू देव उमटला. काकांनी तो ऐटीत उजेडात आणून जुन्या फोटोशेजारी धरला. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. हसू मावळलं.

"हे... हे असं कसं झालं?"

"नवशिके इथेच चुकतात ना, काका?" शेपूट म्हणाला.

वकिलानं त्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं. पण काका मनाचे मोठे होते. कपाळावर हात मारून घेतला आणि ओला फोटो घेऊन स्वतःच पोरांबरोबर निघाले.

साहेब आत्याच्या खोलीत येऊन उभे होते. "बाई, मूर्ती अजून तशीच?"

आत्यानं खारकडे बघून मान हलवली. खारनं दोन्ही फोटो मूर्तीच्या पायाशी ठेवले.

"साहेब, आधी हात बघू नका. खांदा बघा."

साहेबांनी खांदा बघितला. मग वाकून पुन्हा बघितला. काका चाचरत म्हणाले, "चूक माझी, साहेब. काच पालथी पडली. बाईंची आठवण खरी."

मग साहेबांनी टेबलावरच्या किल्ल्या उचलून आत्याच्या हातात दिल्या.

"माफ करा, बाई. मी कागद वाचला, मूर्ती वाचलीच नाही. आणि पोरांनो, माझ्या कचेरीत असे तीन जण असते तर! उद्या फीत तुम्ही कापायची."

दुसऱ्या दिवशी फीत तिघांनी मिळून कापली. मूर्तीखालच्या पाटीवर आत्याच्या अक्षरात 'केशव' लिहिलं होतं.

साहेबांनी महिनाभरात चोवीस नावं पाठ केली आणि पुढे येणाऱ्या-जाणाऱ्या विद्वानांची परीक्षा घेऊन त्यांना घाम फोडत राहिले. फोटोवाल्या काकांनी शेकडो काचांवर 'ही बाजू वर' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. वकील वकील झाला नाही. शाळेत गणित शिकवलं त्यानं, आणि पोरं वाद घालू लागली की तास संपल्याचं त्याला कळत नसे. शेपूट जहाजावर गेला, फार लांब लांब गेला. तो आपल्यातून गेला, त्याला आता सहा वर्षं झाली. आत्यानं आणखी नऊ वर्षं ती खोली सांभाळली.

खार हाडांची डॉक्टर झाली. एक्स-रेची फिल्म हातात आली की आधी ती डावं-उजवं तपासायची. तरुण डॉक्टर आडून हसत. एकदा एका सुताराचा धडधाकट गुडघा धुऊन-पुसून शस्त्रक्रियेला तयार ठेवला होता. खारनं भिंतीवरची फिल्म काढली, उलटी करून लावली, आणि दुखरा गुडघा दुसराच निघाला.

घरी येताच तिनं आत्याला फोन केला. आत्या तेव्हा एक्याऐंशीची होती, ऐकू कमी यायचं. खारनं सगळं दोनदा ओरडून सांगितलं.

"शाबास!" आत्या म्हणाली. मग जरा थांबून, "आणि काय गं, तो सुतार बरा झाला की विचार त्याला, जुन्या सागाचा एखादा तुकडा आहे का. एका खुर्चीचा पाय बसवायचाय मला."