अक्काताईंचं दुखणं

मिरजेच्या वेदनाग्रंथालयात औषधालासुद्धा पुस्तक नव्हतं, आणि तरी यशोधरा किणीकर तिथं ग्रंथपाल म्हणून रुजू झाल्या. त्यांचं आयुष्य वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेलेलं. शरीररचनेच्या जाडजूड खंडातलं यकृताचं रंगीत पान कोणत्या वर्षीच्या पोरांनी फाडलं, हेही त्यांना पाठ. इथं मात्र कपाटांच्या जागी आरामखुर्च्या होत्या, आणि प्रत्येक खुर्चीवर डोक्याला बांधायचा एकेक शिरोबंध टांगलेला.

संचालक डॉ. हुमायून मोमीन हे भूलतज्ज्ञ. उभी हयात लोकांना झोपवण्यात गेल्यामुळे बोलणं एकदम मऊ. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "बाई, तुमचं दुखतं कुठं?"

"गुडघा, थोडासा."

"चूक. गुडघा नुसती वर्दी देतो, दुखतं ते डोक्यात. ती वर्दी आम्ही वाटेतच उचलतो आणि दुसऱ्याच्या डोक्यात पोचवतो. ही आमची वेदनावाहिनी. पोट रोग्याचं, कळ वाचकाची. शिरोबंधानं एकदा जुळवून दिली, की मग माणसं गावात कुठंही असोत."

"म्हणजे दुखण्याची प्रत काढता?"

"तिथंच तर गंमत आहे. प्रत निघत नाही. वर्दी एका वेळी एकाच दारात जाते. वाचकाकडे गेली की रोग्याला काही जाणवत नाही. रोग्याकडे परतली की वाचक मोकळा. आणि घेणाऱ्याचं मन राजी नसेल तर वाहिनी जुळतच नाही. जबरदस्ती शक्य नाही."

"असलं वाचायला येतं तरी कोण?"

"शिकाऊ डॉक्टर. मूतखडा एकदा स्वतः भोगला, की पोरं रोग्याला 'जरा सहन करा' म्हणायचं विसरतात."

बाईंना काम आवडलं. अर्धशिशी कोणाला द्यावी, दाढदुखी कोणाला झेपेल, याचा त्यांना लवकरच अंदाज आला. सगळ्यात जास्त मागणी होती ती मार्केटामागे खानावळ चालवणाऱ्या अक्काताई चौगुले यांच्या पित्ताशयातल्या खड्यांना. कळ अशी ठळक, की उजव्या बरगडीखाली सुरू होऊन थेट खांद्यात निघायची. पोरं नंबर लावून बसायची.

घोटाळा झाला तो इथं. मागणी असलेलं पुस्तक परत आलं की ते कपाटात ठेवायचं नसतं, ताबडतोब पुढच्या वाचकाच्या हाती द्यायचं, हा ग्रंथालयांचा जुना रिवाज. बाईंनी इमानेइतबारे तोच पाळला. अक्काताईंचं दुखणं या पोराकडून त्या पोरीकडे, तिच्याकडून आणखी कोणाकडे असं फिरत राहिलं. स्वतःच्या घरी म्हणून ते गेलंच नाही.

अक्काताईंना वाटलं, आपण खडखडीत बऱ्या झालो. लांबत लांबत एकदाची ठरलेली ऑपरेशनची तारीख आली तशी गेली. त्या दिवशी त्यांनी कांदाभजी तळली, आणि पहिला घाणा स्वतःच संपवला. तिकडे एक शिकाऊ डॉक्टर भर वर्गात बाकाखाली गेला.

मोमीनांनी त्याला तपासलं, म्हणजे त्याला काय होतंय ते नीट विचारून घेतलं, आणि त्यांचा मऊ आवाज पहिल्यांदाच चढला. "बाई, ही कळ आता थांबतच नाहीये. पित्ताशय सडायला लागलंय. फुटलं तर अक्काताई जाणार. आणि त्यांना पत्ताही लागणार नाही."

यशोधराबाई तडक खानावळीत गेल्या.

"अक्काताई, तुमचं दुखणं परत घ्या."

"खुळ्या का काय वो बाई? कचरा नेल्याव गाडीवाल्याकडनं कोण माघारी मागतंय व्हय?"

"मग ऑपरेशन तरी करून घ्या. अंगात कणकण आहे ना?"

"ती चुलीम्होरं बसतीया, म्हणून. दुखत न्हाई तर चिरायचं कशाला? बसा, भजी खावा." आणि त्यांनी एक भजं तोंडात टाकलं.

बाई परतल्या. चूक आपली, तर ती दुसऱ्याच्या पोटात का ठेवायची, असा सरळ हिशेब करून त्यांनी ते दुखणं स्वतःच्या नावावर चढवलं. देणारा पोरगा त्यांच्या पाया पडायचाच बाकी होता. मग धडपडत त्या पुन्हा खानावळीत आल्या आणि चुलीसमोरच्या बाकड्यावर बसल्या.

अक्काताईंनी भजं खाल्लं. थोड्या वेळानं बाईंनी टेबलाची कड धरली. त्यांचा रंग उडाला.

अक्काताईंचा झारा हवेतच थांबला. "खांद्यात निघतीया न्हवं? उजव्या?"

बाईंनी मान हलवली.

"आन् श्वास निम्माच येतोय."

"हो."

"माझंच हाय की वो हे." अक्काताईंनी चूल विझवली. पदरानं बाईंच्या कपाळावरचा घाम पुसला. "सोसताना एवढं वाटलं न्हवतं. बघवत न्हाई. चला, चिरा मला. पर एक सांगती, माघारी घ्यायची न्हाई मी. लई भ्या वाटतं त्याचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काताई टेबलावर, शल्यविशारद डॉ. घोरपडे हातमोजे चढवून तयार, आणि यशोधराबाई बाहेरच्या बाकड्यावर पोट दाबून बसलेल्या. मोमीनांनी भुलीचा मुखवटा अक्काताईंच्या नाकाजवळ नेला आणि तिथंच थबकले. मग मुखवटा ठेवून ते बाहेर आले.

"बाई, चपला काढा आणि आत या."

"मी कशाला? मला नाही बघवायचं ते."

"बघायचं नाही, झोपायचंय. भूल म्हणजे डोकं झोपवणं. अक्काताईंचं डोकं झोपवून काय उपयोग? वर्दी तिथं जातच नाही. घोरपडे सुरी त्यांच्या पोटात घालणार, आणि बोंब मारणार तुम्ही."

"मग दोघींनाही द्या भूल."

"अक्काताईंचं हृदय थकलेलं आहे, त्यांना ती सोसेलच असं नाही. आज नाइलाज म्हणून धोका पत्करत होतो. म्हणून तर आधी तारीख लांबत गेली होती." मोमीन स्वतःशीच हसले. "ती अडचणच राहिली नाही आता."

तेव्हा शस्त्रक्रियागृहात शेजारी दुसरं टेबल लागलं. त्यावर धडधाकट पोटाच्या यशोधराबाई गाढ झोपल्या. पलीकडे पोटाचे स्नायू तेवढे सैल करणाऱ्या एका सुईवर अक्काताई टक्क जाग्या, पोट उघडं, आणि नर्सला आमटीत कटाचं प्रमाण समजावून देत होत्या. मधूनच हात लांब करून त्या बाईंच्या अंगावरची चादर सारखी करत.

पित्ताशय हाती आलं तसे घोरपडे आपल्या पहाडी आवाजात ओरडले, "कात्री! लवकर!"

अक्काताईंनी कपाळाला आठ्या घातल्या आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला की वो डॉक्टर. बाई झोपल्यात."