वनिताचा दुभाष्या

"अहो, हात काढा! रंग ओला हाय!"

वनिता ओरडली खरी, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. गणपतीच्या पिवळ्याधमक पितांबरावर एक अंगठा झकास उमटला होता. आणि त्या अंगठ्याचा मालक… निळी पगडी, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा भाव… हात पाठीमागे लपवून उभा होता.

"लपवता काय? मी बघितला."

"काय बघितलं? मी तर नुसतं दर्शन घेत होतो."

"दर्शन डोळ्यांनी घेतात."

"डोळे दुसरीकडंच होते गो!"

पगडीवाल्याच्या तोंडून हे 'गो' असं काही अस्सल आलं, की वनिताला हसूच फुटलं. ती हसली आणि तिथेच सगळं बिघडलं.

मुलगा रोह्याचा. नाव हरकिरत, पण सगळे किरतच म्हणत. त्याचा बाप बलवंतसिंग ऐन तरुणपणी पंजाबातून ट्रक घेऊन आला तो रोह्यातच राहिला. आता घरचे टेम्पो होते. एरवी कंपन्यांची पिंपं वाहायचे आणि हंगामात पेणजवळच्या जोहे-हमरापूरचे गणपती. किरत रोह्यातच जन्मला, तिथल्याच पोरांत वाढला, त्यामुळे भांडायचा मराठीत आणि प्रार्थना करायचा पंजाबीत.

वनिता नदीकाठच्या आदिवासी वाडीवरची. जोह्यात नीलेशशेठच्या कारखान्यात रोजावर जायची, मूर्तींचे शेले-पितांबर रंगवायची. गंमत म्हणजे तिचा स्वतःचा देव गणपती नव्हताच. वाडीवरची चार-सहा घरं येशूला मानायची, त्यात तिचं एक. पेणहून येणाऱ्या पास्टरांना तिचं हे काम फारसं पटत नसे. पण तिची आई पारी त्यांना हसत सांगायची, "हाताला काम हाय, मनात प्रभू हाय. बसा, च्या घ्या."

तेव्हा या दोघांच्या मध्ये पेंढ्यात गुंडाळलेला जो देव होता, तो दोघांचाही नव्हता. हे काही जुळायचं नाही, हे वनिताला पहिल्याच दिवशी कळलं होतं. कळून उपयोग काय? टेम्पोचा हॉर्न वाजला की हातातला ब्रश थांबायचा.

तो यायचा आणि प्रत्येक मूर्तीपाशी वाकून गंभीरपणे विचारायचा, "हा सुकला? आणि हा?"

"समदे सुकलेत. न्या."

"मग हा का नाय सुकला?" आणि आपल्या छातीवर हात ठेवायचा.

"त्याला उन्हात ठेवा," वनिता म्हणायची आणि ब्रश जोरात पाण्यात खळखळायची. कान मात्र लाल झालेले असायचे. कारखान्यातला एकुलता एक पंखा तो येता-जाता तिच्या बाजूला वळवून ठेवायचा, बोलायचा काही नाही. पंखा वळलेला दिसला की तो येऊन गेला हे तिला कळे, आणि मग दिवसभर उगाचच बरं वाटे. गणपती गेले, कारखाना ओस पडला, तरी टेम्पो येतच राहिला. शेवटी नीलेशशेठच म्हणाले, "अरे, आता काय नेतोस? पेंढा?"

आता अडचण ऐका. किरतच्या घरच्यांना वाडी अडत नव्हती, जात अडत नव्हती, गरिबी तर नाहीच नाही. त्याची आजी, बीजी, तिने साफ सांगितलं होतं: आमच्याकडे लंगरला राजा आणि रंक एका पंगतीला बसतात, मी कुणाची जात विचारत नाही. पण पोरीने रब, म्हणजे देव, एकच मानला पाहिजे, जो जन्माला येत नाही आणि मरत नाही. माणसाला देव म्हणणारी सून मला नको. तिच्या तोंडून एवढं ऐकलं, की उद्या लग्न लावा.

म्हणून कार्तिकात, गुरुनानक जयंतीला, किरतने घाट घातला. रोह्याबाहेर कंपन्यांच्या रस्त्यावर ट्रकवाल्यांनी मिळून छोटासा गुरुद्वारा बांधला होता. तिथे त्या दिवशी सर्वधर्म चर्चा असायची. ख्रिस्ती धर्मावर बोलणारे गृहस्थ यंदा आजारी पडले होते.

"तू बोल," किरत म्हणाला.

"मी? चार मान्सांत माजी जीभ टाळ्याला चिकटते."

"मराठीतच बोल की. बीजी आनि ज्ञानीजींना मी पंजाबीत सांगतो. मी हाय ना दुभाष्या!" मग जरा थांबून, खालच्या आवाजात… "फक्त एवढंच म्हन वनिता, येशू लय मोठा संत होता. एवढंच. मग तू आनि मी…"

तिने नजर वळवली. तो समजला, लाजली.

गुरुद्वारात सगळे सतरंजीवर बसले होते. वनिताने डोक्यावर ओढणी घेतली होती, हात गार पडले होते. बीजी पुढेच, पांढऱ्या शुभ्र कपड्यांत. शेजारी बलवंतसिंग. लुधियानाकडून प्रवचनाला आलेले ज्ञानीजी फार मायाळू माणूस होते. बोलताना ते मध्येच थांबायचे आणि किरत मराठीत सांगायचा.

"ज्ञानीजी म्हणतात, ईसाला, म्हंजे येशूला, आम्ही मान देतो. पण ज्याचा जन्म झाला तो मरणार. आनि जो मरतो तो देव कसा? आमच्या गुरूंना तापलेल्या तव्यावर बसवलं, तरी आम्ही त्यांना देव म्हटलं नाय. मग तुम्ही का म्हणता, बेटी?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच ऐकायचं होतं. वनिताने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. किरत तिच्याकडे बघत होता आणि डोळ्यांनीच विनवत होता… संत म्हन, संत.

"मला शिकल्यालं काय येत नाय," ती म्हणाली. "माजा बा घाटावर कोळशाच्या भट्टीवर मेला. तापानं. तितं आमचं कोन नव्हतं. कोनी हात लावला नाय त्याला. आयनं एकटीनं त्याला चादरीत गुंडाळला. मी ल्हान व्हते, पन मला आठवतं. देव वर बसून हे बघत व्हता आसं कोनी सांगितलं, तर मी त्या देवाला काय करू? पन माजी आय सांगते, देवच खाली आला. गोठ्यात जल्मला, मान्सांनी मारला तवा मान्सासारखा मेला. म्हंजे बा मेला तवा देव त्याच्यासंगं त्या भट्टीवर पडला व्हता. म्हनून येशू माजा देव हाय. संत चांगले आसतात. पन संत नाय तो."

ती थांबली. बीजीने नातवाकडे पाहिलं.

किरतने घसा साफ केला आणि पंजाबीत बोलू लागला. वनिताची हिंदी टीव्हीवरची, पंजाबी तर शून्य. तरी तिला बरंचसं कळत होतं. बाप गेला… गरिबी… आईचे कष्ट… इथवर ठीक होतं. मग त्याचा आवाज जरा घाईत आला. ईसा रब नहीं… रब दा प्यारा सी… बहुत वड्डा संत.

तिचं एवढं लांब बोलणं केवढं छोटं आणि गोड झालं होतं!

सगळ्यांच्या माना डोलल्या. ज्ञानीजींचे डोळे भरून आले. आणि बीजी? बीजीने हात धरून वनिताला जवळ ओढलं, आपल्या शेजारी बसवलं आणि तिच्या डोक्यावर तळवा ठेवला. त्या तळव्याला साजूक तुपाचा वास येत होता. "मेरी धी," बीजी म्हणाली. माझी लेक.

बलवंतसिंगला मराठी रोह्यातल्या कुठल्याही दुकानदाराइतकी येत होती. त्याने मुलाकडे पाहिलं, मग वनिताकडे, आणि मान खाली घातली. त्याला सगळं कळलं होतं आणि त्याने ते सोडून दिलं होतं. पोराच्या सुखासाठी बाप तेवढं करतोच.

म्हणजे आता फक्त गप्प बसायचं होतं. वनिताला रोह्याचं घर दिसलं, सकाळचा चहा दिसला, निळी पगडी बांधताना तिचं दुसरं टोक धरायला हाक मारणारा किरत दिसला. तो समोर उभा राहून हसत होता, असा याआधी कधीच हसला नव्हता. गप्प बस वनिता, तिने स्वतःला सांगितलं. देवाची शपथ, गप्प बस…

"बीजी," ती म्हणाली, मोडक्या हिंदीत, "मैंने ऐसा नहीं बोला. किरत ने… ठीक से नहीं बताया."

बीजीने गोंधळून विचारलं, "की कहंदी है?" काय म्हणते ही?

किरत सतरंजीकडे बघू लागला. बीजीने पुन्हा विचारलं. तेव्हा बलवंतसिंग उठला आणि वनिताचं बोलणं त्याने सावकाश, पहिल्यापासून, पंजाबीत सांगितलं. काही गाळलं नाही. भट्टी आली, चादर आली आणि शेवटी "ईसा मेरा रब है" हेही आलं.

ज्ञानीजींनी हात जोडले. "बेटी सच बोली," ते म्हणाले. बीजीचा तळवा हळूच उचलला गेला. ती रागावली असती तर बरं झालं असतं! तिने वनिताच्या कपाळाचा मुका घेतला, डोळे पुसले आणि जे म्हणाली, ते बलवंतसिंगने मराठीत सांगितलं.

"बीजी म्हणते, तू चांगली पोर आहेस. पण आमच्या घरात रोज सकाळी म्हणतात, तो जन्माला येत नाही. तू रोज मनातल्या मनात 'येतो' म्हणशील. आणि आता आम्हाला ते ऐकू येईल."

रोहा स्टेशनवर गाडी लागलेली होती. फलाटावर एक बाई बोंबलाची पाटी घेऊन बसली होती, बाकी शुकशुकाट.

"तुझ्यासाठीच केलं मी," किरत म्हणाला. डोळे सुजले होते त्याचे.

"ठावं हाय मला."

"तुला गप्प बसता नाय आलं? एवढंसं?"

"लय आवडलं आसतं रे मला गप्प बसायला."

"चल मग, कोर्टात जाऊ. आत्ता. बीजी ऐकेल पुढं-मागं. आनि तू मनात काय म्हनतेस ते कोन बघायला येतंय गो? कोनाला सांगू नको म्हंजे झालं!"

वनिताने त्याच्याकडे बघितलं. किती सरळ मनाने बोलला होता तो! त्याला खरंच वाटत होतं की हा तोडगा आहे. आजचं एक वाक्य झाकलं, तसं जन्मभर रोज थोडं थोडं झाकत जाऊ. तो झाकेल, ती झाकून घेईल. आपल्या बापाचं मरण ज्याच्या आधारावर तिने कसंबसं पेललं होतं, तेच त्याला लपवायची वस्तू वाटत होती. आणि तरीही तिचा त्याच्यावर जीव होता, तसूभरही कमी झाला नव्हता. हेच तर वाईट होतं.

"माजं तुज्यावर लय प्रेम हाय किरत," ती म्हणाली. "पन मी सांगन ते तू दुसऱ्याला तसंच सांगशील, ह्याचा भरवसा मला आता कसा यायचा?"

तो काहीतरी म्हणाला, पण गाडीने भोंगा दिला. ती चढली. खिडकीशी बसली नाही, पलीकडे जाऊन बसली, नाहीतर ती उतरलीच असती.

वाडीवर पोचली तेव्हा उन्हं कलली होती. पारी अंगणात तांदूळ निवडत होती. लेकीचं तोंड बघून तिने सूप खाली ठेवलं.

"काय गो? नाय म्हनले?"

वनिताने सगळं सांगितलं. कोरड्या डोळ्यांनी, एका दमात. आपल्या येशूसाठी लेक भरल्या ताटावरून उठून आली, हे ऐकून आय छातीशी धरेल, असं तिला गाडीत सारखं वाटत होतं. खरं म्हणजे त्याच एका आशेवर ती इथवर आली होती.

पारीने सुपातले तांदूळ उगाच सारखे केले. मग कपाळाला हात लावून म्हणाली, "येडी का काय तू! म्हनून टाकायचं व्हतंस, संत तर संत! येशू काय रागवनार व्हता? त्याला धरून नेला तवा त्याच्याच सोबत्यानं तीनदा सांगितलं, मी ह्याला वळखत नाय. तरी त्यानं त्याला जवळच घेतला ना? तुला नसता घेतला? आगो, मी रोज त्याच्याकडं तुजं लगीन तर मागत व्हते…"

वनिता उंबऱ्यावर बसली. आता मात्र तिला रडू आलं, आणि आलं ते थांबेना.

"पन आय… मंग बा तितं एकटाच मेला आसता."

पारीने तोंडाला पदर लावला. सुपातले तांदूळ कोंबड्या टिपत होत्या, तिने हाकलल्या नाहीत. इतक्या वर्षांत त्या भट्टीचं नाव घरात कुणी काढलं नव्हतं. आता दोघी त्यावरून रडत होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. किरतच होता. वनिताने तो हातात घेतला आणि नुसता धरून ठेवला. उचलला तर आपण 'हो, संतच' म्हणून मोकळ्या होऊ, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आईनेही ते ओळखलं असावं, कारण ती एकदम म्हणाली, "उचल गो. उचल."

वनिताने उचलला नाही. तो पुन्हा वाजला, पुन्हा वाजला आणि मग वाजायचा बंद झाला.