घुंगरू बांधलेली डिक्की

"ढकल वं दीक्षा, जोर लाव!"

"लावून तं राहिली! तूच नुसता हात टेकवून चालून राहिला, विक्की!"

गाडीनं दोन आचके दिले, फुर्र केलं आणि गल्लीच्या तोंडाशी येऊन पुन्हा थंड पडली. स्टिअरिंगवर बसलेल्या शोभाताईंचा चेहरा उतरला. मागून ढकलणारी त्यांची दोन मुलं, सोनिका आणि विक्की, अन् शेजारची दीक्षा, तिघंही घामाघूम! दिवाळीच्या सुट्टीत हा एकच व्यायाम चालला होता.

फाटकात सोनिकाचे बाबा, शरच्चंद्र, खांद्यावर टॉवेल टाकून उभे होते. "नवी बॅटरी टाकली, तरी बसलीच! मेकॅनिक म्हणते गाडीत काही बिघाड नाही. मंग चूक कोणाची? तूच रात्री एखादा लाईट चालू ठेवत असशीन!"

"मी सगळे लाईट पाहूनच उतरते हो," शोभाताई हळूच म्हणाल्या.

"ते काही नाही. उद्या सायंकाळी गिऱ्हाईक येऊन राहिलं. विकून टाकू!"

सोनिकानं वळून आईकडे पाहिलं. आई याच वर्षी गाडी शिकली होती. सोमवारपासून ती मौद्याकडच्या गावांमध्ये मुलांसाठी फिरतं वाचनालय सुरू करणार होती. पुस्तकांनी भरलेल्या पेट्या बैठकीत तयार होत्या. गाडीच गेली तर त्या पेट्या काय डोक्यावर न्यायच्या?

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" सोनिका चिडून म्हणाली. "खरा चोर आपणच शोधायचा!"

दीक्षाला 'काहून', म्हणजे 'का', विचारायची भारी सवय. शाळेत सर तिला 'काहूनबाई' म्हणत. "काहून बसते बॅटरी?" ती म्हणाली. "गाडी उभी असताना कोणीतरी वीज पिऊन राहिलं, म्हणून! कोण पिते ते पाहू."

गाडी ढकलत अंगणात आणली. शोभाताईंनी मेकॅनिककडून बॅटरी चार्ज करून आणली, अन् दुपारी तिघं कामाला लागली. समोरचे दिवे बंद, आतला दिवा बंद, रेडिओ बंद. राहिली डिक्की. ती उघडताच एक पिवळा बल्ब पेटला.

"हा लावल्यावर विझते का?" विक्कीनं विचारलं.

"विझतच असेल," सोनिका म्हणाली.

"फ्रीजमधला तरी विझते का, पाह्यलं कोणी?"

प्रश्न बिनतोड होता! सोनिकानं आईचा फोन आणला, व्हिडिओ सुरू करून डिक्कीत ठेवला आणि झाकण लावलं. धाड! थोड्या वेळानं फोन काढून पाहतात तर व्हिडिओत नुसता काळाकुट्ट अंधार.

"विझते," विक्कीचं तोंड पडलं. "बल्ब निर्दोष! ... आई गं!"

त्याच्या बोटाला मुंगी चावली होती. एक नाही, मुंग्यांची रांगच्या रांग स्टेपनीकडे निघाली होती. दीक्षानं स्टेपनीमागचं जुनं पोतं उचललं. खाली एक डबा! झाकण उघडताच घमघमाट सुटला.

"संत्रा बर्फी!" तिघं एकदम ओरडली.

या घरात संत्रा बर्फीला बंदी होती. आजोबांची, म्हणजे दीक्षा ज्यांना आबाजी म्हणे त्या बाबारावांची, शुगर वाढली तेव्हापासून! "बर्फीची चव बी विसरलो मी," असं आजोबा कालच मोठा उसासा टाकून म्हणाले होते.

"चोर सापडला!" विक्की नाचायला लागला.

"पण बर्फी खाल्ल्यानं बॅटरी काहून बसते?" दीक्षा म्हणाली. मग एकाएकी तिचे डोळे चमकले. "ए! आबाजी डिक्की धाडकन लावत असतीन का? आवाज होईन ना!"

सोनिकानं पुन्हा फोन आत ठेवला आणि झाकण अलगद टेकवलं. टक्! डिक्की अगदी लागल्यासारखी दिसत होती. फोन काढून पाहिला तर बल्ब सगळा वेळ ढणढण जळत होता!

"म्हणजे रात्रभर जळते, अन् उभ्या गाडीवर आपण कव्हर टाकून ठेवतो म्हणून कोणालाच दिसत नाही," सोनिका म्हणाली.

"अन् सकाळी बाबा गाडी पुसायचं फडकं काढतात, डिक्की धाडकन लावतात!" विक्की ओरडला. "पुरावा साफ!"

"पण आजोबा कबूल कसे करणार? ते तर उलट आपल्यालाच गोष्ट सांगत बसतील," सोनिका म्हणाली.

यावर विक्की घरात पळाला आणि माळ्यावरून तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या पोळ्याचा, आपला लाकडी बैल घेऊन आला. बैलाच्या गळ्यात घुंगरांची माळ होती. ती सोडवून त्यानं कव्हराखाली डिक्कीला अशी बांधली, की झाकण खाली येतानाच वाजावी.

रविवारी दुपारी घर जेवून गाढ झोपलं. तिघं पेरूच्या झाडामागे दबा धरून बसली. पायातली चप्पल हातात घेऊन बाबाराव मांजराच्या पावलांनी आले. त्यांनी कव्हर उचललं, डिक्की उघडली, इकडेतिकडे पाहिलं, बर्फीचा तुकडा तोंडात टाकला आणि झाकण हळूच खाली घेतलं.

छुन्न छुन्न छुन्न!

"पकडलं!" तिघांनी गाडीला वेढा घातला.

"अरे पोट्टेहो, मी... मी स्टेपनीची हवा पाहून राहिलो!" फुगलेल्या गालातून बाबाराव म्हणाले.

"मंग मिशीला केशरी हवा काहून लागली, आबाजी?" दीक्षानं विचारलं.

विक्की हसून लोळायचा बाकी होता. सोनिका मात्र हसली नाही. तिनं आजोबांना व्हिडिओ दाखवला. "हा बल्ब बॅटरी पिते, आजोबा. अन् बोलणं आईले बसते. आज तिची गाडी विकायला चालली."

बाबारावांचं चावणं थांबलं. ते पायरीवर मटकन बसले. "मले वाटे, मी फक्त शुगरलेच फसवून राहिलो," ते पुटपुटले. त्यांना खरंच फार वाईट वाटलं.

सायंकाळी गिऱ्हाईक आलं. शरच्चंद्र किल्ली घेऊन बाहेर पडणार, तोच बाबाराव डबा घेऊन बैठकीत आले.

"गाडी विकायची नाही! बिघाड गाडीत नाही, माझ्यात आहे." आणि त्यांनी सगळ्यांसमोर सगळं सांगून टाकलं. "अन् तू काय पाहून राहिला गा शरद? रोज सकाळी डिक्की आपटून पुरावा पुसणारा तूच!"

शरच्चंद्र कानापर्यंत लाल झाले. "शोभा, मी तुले उगाच बोललो. चुकलं माझं."

शोभाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तेवढ्यात हसूही फुटलं. त्यांनी नवऱ्याच्या हातातली किल्ली घेतली आणि उरलेली बर्फी गिऱ्हाइकासमोर ठेवली. बिचारा गाडी न्यायला आला होता, तोंड गोड करून गेला!

सोमवारी सकाळी किल्ली फिरवताच गाडी घुर्रर्र करून पहिल्याच झटक्यात सुरू झाली. गल्लीत टाळ्या पडल्या.

"शाब्बास पोट्टेहो!" शरच्चंद्र म्हणाले. "मेकॅनिकले नाही सापडलं ते तुम्ही शोधलं!"

"अन् माझ्या काहूनबाईले विसरू नका," शोभाताईंनी दीक्षाला जवळ घेतलं. "पहिलं पुस्तक तीच निवडणार."

पुस्तकांच्या पेट्या डिक्कीत बसल्या. झाकण लावायला बाबाराव स्वतः पुढे झाले. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी डिक्की लावली. धाड!