जेवणाच्या सुट्टीतली ओ

काकींच्या भरतकामाच्या कारखान्यातली नवी नक्षी काकींच्याच आधी समोरच्या दुकानातल्या पडद्यावर लटकली. तेही दुसऱ्यांदा.

"वहिनीनेच विकली," काकींचा जावई सुनेकडे बघत म्हणाला. "काढते ती, मशीनला पाठवते ती. मधे आहे कोण?"

चोर सापडेपर्यंत सुनेने नक्षीला हात लावायचा नाही, असं काकींनी फर्मावलं आणि घारीला बोलावणं धाडलं.

घारी म्हणजे चोऱ्या शोधून देणारी बाई. डोळे घारे, जीभ तिखट. सोबत तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, दाजी. पिशवी उचलायला आणि चुकीचे तर्क करायला.

"मशीनला नक्षी पाठवतेस कशी?" घारीने माडीवर सुनेला विचारलं.

"आधी पिंग करते. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर मशीनचा नंबर लिहिला की वायरीतून हाक जाते. मशीन चालू असेल तर ओ येते. ओ आली की नक्षी पाठवायची. दुपारी सगळे जेवायला बसले की निवांत असतं, बहुतेक तेव्हाच पाठवते."

"दुपारी ओ येते?"

"रोज येते."

खाली मशीनवरचे मास्तर हे ऐकून भडकले. "शक्यच नाही. जेवायला उठलो की मी मशीनची विजेची पिन काढतो. एकदा मशीन तापून धूर निघाला, तेव्हापासून काकींचा नियम आहे."

"मग दुपारची नक्षी?"

"पोचतच नाही. परत पाठवायला सांगावं लागतं. सकाळ-संध्याकाळची मात्र बरोबर येते."

जावई हिशेबाच्या खोलीत होता. "मला त्या वायरींतलं काही कळत नाही. कामं इतकी, की डबासुद्धा इथेच खातो."

"सून आणि मास्तर, दोघांतलं एक खोटं बोलतंय," दाजी जिन्यात कुजबुजले.

"दाजी, ताईने तुमच्यात काय पाहिलं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही."

मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने घारी म्हणाली, "आज आणखी एक नक्षी जाऊ दे, काकी. मी उद्या येते." आणि मागच्या जिन्याने दाजींना घेऊन परत वर आली.

जेवणाची वेळ झाली. मास्तरांनी पिन काढली. ती काकींनी स्वतः हातात धरली. वर सुनेने हाक टाकली.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर ओळींमागून ओळी उमटू लागल्या.

"ओ येतेय," दाजी डोळे चोळत म्हणाले. "मशीन बंद आहे आणि बोलतंय."

"तुम्ही फक्त वाचत राहा. मोठ्याने." घारी जिन्याखाली गेली. कारखान्यातल्या सगळ्या वायरी तिथल्या एका डब्यात येत होत्या. ती एकेक उपटायची, परत लावायची.

"आली. आली. आली." पुढची ओळ उमटली नाही. "थांबली."

हातातल्या वायरीचा माग काढत घारी निघाली. मागे काकी, मास्तर आणि वरून उतरून आलेले सून आणि दाजी. वायर हिशेबाच्या खोलीत शिरली.

"सूनबाई खरं बोलल्या, मास्तरही," घारी म्हणाली. "बंद मशीन ओ देत नाही, म्हणजे देणारं दुसरंच कोणी. मशीनचा नंबर दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला की मशीनला मारलेली हाक तो घेतो, आणि मागून येणारी नक्षीसुद्धा."

जावयाने घास गिळला. "कॉम्प्युटरने आपोआप घेतला असेल नंबर."

"तर सकाळीही अडवलं असतं. हा नंबर पिन निघाल्यावर लागतो आणि मशीन सुरू व्हायच्या आत सुटतो. एवढी वेळ माणूसच साधतो. बाकी सगळे पंगतीत असतात. वायरींतलं काही न कळणारे तुम्ही एकटेच इथे."

जावयाने डब्याला झाकण लावलं.

"म्हणजे काकी," दाजींना राहवेना, "तुमच्या नियमाने चोराची सोय झाली."

"माझ्या नियमानेच तो सापडला," काकी म्हणाल्या. "पिन लावलेली असती तर कसं कळलं असतं हो तुम्हाला?" मग वळल्या. "जेवण झालं, जावईबापू? उठा. चाव्या ठेवा टेबलावर. लेकीशी मी बोलते."

सून दारातच उभी होती. माफी मागायची काकींना सवय नव्हती, आणि या वयात लावून घ्यायचीही नव्हती.

"आपल्या प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यात कारखान्याचं नाव भरतो ना," त्या म्हणाल्या. "उद्यापासून त्याच्याखाली तुझं भर."

"माझं कशाला, आई?"

"आणि बारीक भरू नकोस. रस्त्यावरून वाचता आलं पाहिजे."