वरून कंपनीचं

घोडेगावच्या बाजारतळावरून नगरच्या बाजूला थोडं आलं की डाव्या हाताला पत्र्याचं एक गॅरेज होतं. ते दोघा भावांचं, थोरला कानिफनाथ आणि धाकटा गहिनीनाथ. ट्रकचे पाटे, ट्रॅक्टरचे पंप असली कामं दोघंही करत, पण कानिफची खरी ख्याती निराळी होती आणि ती लोक जरा आवाज खाली आणूनच सांगत. मोटारीच्या इंजिनात तो बाहेरून मागवलेलं तेज सामान बसवायचा आणि वर कंपनीची झाकणं अशी चढवायचा, की बॉनेट उघडणाऱ्याला सगळं जिथल्या तिथं दिसावं. ‘वरून कंपनीचं, आतून आपलं,’ असं त्याचं म्हणणं. बरं, नुसतं दिसणं झाकून भागत नसे. असलं इंजिन उभ्या जागी लंगडतं, खोकतं. कानिफच्या हातचं मात्र गरीब गाईसारखं उभं राहायचं.

आप्पासाहेब साखर कारखान्याला ट्रक पुरवायचे आणि त्यांना पुण्याकडच्या घाटात मोटारी पळवण्याच्या शर्यतीचा नाद होता. त्यांची दोन दारांची हिरवी विलायती गाडी होती. शर्यतीत गाडी कंपनीतून आली तशीच हवी असा नियम, आणि तपासणारे झाकणं उघडत नाहीत हेही सगळ्यांना ठाऊक. तेव्हा काम कानिफकडे आलं यात नवल नव्हतं. दुष्काळाचं साल, बाजारात बैल मातीमोलाने जात होते आणि या गृहस्थांना शर्यत सुचत होती. पण ज्याला जे सुचायचं ते सुचतं.

सामान आणायला कानिफ मुंबईला गेला. येताना नगरहून त्याला एक ट्रक मिळाला आणि तो इमामपूरच्या घाटात उलटला. सामानाच्या पेटीतल्या कॅमशाफ्टवर, दुहेरी स्प्रिंगांवर साधा ओरखडाही उठला नव्हता. कानिफला मात्र इस्पितळातून पांढऱ्या कपड्यात गुंडाळून आणावं लागलं. त्याची बायको चांगुणा तोंड दाखवा म्हणून हटून बसली. गहिनीने दाखवू दिलं नाही. दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सुतक फिटल्यावर गहिनीने ती पेटी फोडली. भावाने जीव गमावून आणलेलं सामान निदान गाडीत तरी चढावं, एवढीच त्याची इच्छा होती. कॅम बसला, स्प्रिंगा बसल्या, पण टॅपेट काही जमेनात. प्रत्येक व्हॉल्वच्या डोक्यावर एक बारीक फट ठेवायची असते आणि ती स्क्रूने कमीजास्त करायची असते. दिसायला पोरखेळ, पण हात लागतो. गहिनी पुन्हा पुन्हा लावी आणि गाडी पुन्हा पुन्हा खोके. हा आवाज ऐकून आंधळ्यानेही झाकण उघडायला लावलं असतं. एका संध्याकाळी वैतागून त्याने झाकण तसंच आवळलं आणि तो गॅरेजला कुलूप लावून घरी गेला.

सकाळी स्टार्टर मारला तर गाडी शांत उभी. खोकला नाही, लंगडणं नाही.

गहिनीने इंजिन बंद करून झाकण काढलं. आत सगळ्या स्क्रूंच्या खाचा एका रेषेत होत्या, गाडीच्या नाकाकडे तोंड करून. तो बघतच राहिला. कानिफची ही जन्माची हौस होती. प्रत्येक इंजिन मिटताना तो म्हणायचा, एकदा तरी सगळ्या खाचा ओळीत याव्यात. तसं होत नसतं. फट जिथे बरोबर येते तिथे स्क्रू थांबवावा लागतो, मग खाच कुठेही का वळेना. गहिनीने मापाची पत्ती घालून एकेक फट तपासली. सगळ्या बरोबर होत्या.

किल्ली तर त्याच्याच करगोट्याला होती. शेजारच्या टायरवाल्या रंगनाथला विचारावं असं मनात आलं, पण विचारायचं तरी काय? माणूस मुळात हिशेबी डोक्याचा. त्याने पारख करायची ठरवली. एक टॅपेट मुद्दाम ढिलं केलं, झाकण चढवलं आणि तो समोरच्या टपरीवर चहाला जाऊन बसला. गाडी डोळ्यांसमोर होती. तिच्याजवळ कुणी फिरकलं नाही. परत येऊन पाहतो तर टॅपेट लागलेलं आणि खाच सरळ. मग त्याने ते पुन्हा ढिलं करून झाकण न लावताच ठेवलं. दिवस गेला, रात्र गेली, काही झालं नाही. शेवटी त्याने झाकण चढवलं आणि वर हात ठेवला. इंजिन कालपासून थंड होतं, तरी पत्रा कोमट लागला. आत कुठेतरी, अगदी बारीक, नटावर पाना बसल्याचा आवाज झाला.

भीती वाटायला हवी होती. त्याला रडू आलं.

त्यानंतर ते काम संपेनासं झालं. गहिनी रोज सकाळी एक टॅपेट ढिलं करी, झाकण लावी आणि शेजारी स्टूल घेऊन बसे. आप्पासाहेबांना आज गॅस्केट नाही, उद्या स्प्रिंग बदलायची आहे, अशा थापा मारून वाटेला लावी. झाकणाला तो गावच्या बातम्या सांगायचा. बाजारात कुणी दावणीचं शेवटचं जनावर विकलं, खडी फोडायला कोण कोण जातंय, वैनी धड जेवत नाहीत. पाना फिरत राही आणि तेवढ्यावर गहिनीचा दिवस निघून जाई.

चांगुणा गॅरेजमागच्या खोलीत राहायची. दुपारी त्याची भाकरी घेऊन येणारी ती एका दिवशी दारातच थांबली.

“कुनाशी बोलताय, भाऊजी?”

लपवण्यात अर्थ नव्हता. त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिने भाकरी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि झाकणावर तळवा टेकला. आत पाना फिरला तेव्हा तिने मान वर केली.

“दिसत्यात का?”

“न्हाई. झाकन लावल्याबिगर दादा येत न्हाई.”

“आन् मधीच उघडलं तर?”

“एकदा उघडलं हुतं. आत काय बी नव्हतं. मग दोन दिस फिरकला न्हाई.”

“तवा तुमी तोंड बघू दिलं न्हाई,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून गहिनीला ते जास्त लागलं.

मग ती रोज येऊ लागली. ती आली की गहिनी उठून रंगनाथकडे जाऊन बसायचा. नव्या जोडप्याला घर मोकळं करून द्यावं तसं ते होतं, आणि त्याची त्याला लाजही वाटायची.

अखेर आप्पासाहेब स्वतःच आले, सोबत त्यांचा ड्रायव्हर बन्सी. गाडी चालू करून त्यांनी कान दिला आणि ते खूश झाले. गहिनी आणखी थोडे दिवस मागू लागला तेव्हा ते हसले.

“काम तर झालंय की रे. आता तुझं काय ठेवलंय या गाडीत?”

गहिनी मान खाली घालून बाजूला झाला. गाडी रस्त्याला लागली. चांगुणा मागच्या दारातून धूळ बसेपर्यंत पाहत होती. गहिनीला वाटलं, आपण दुसऱ्यांदा पोरके झालो.

शर्यत झाल्यावर बन्सी सांगत आला, की गाडीने पार नाक कापलं. सुरुवातीच्या रेषेवरच खोकायला लागली. आप्पासाहेबांनी झाकण काढून पाहिलं तर टॅपेट ढिली आणि खाचांची तोंडं दहा दिशांना. शिव्या खाऊनही गहिनीला आतून बरं वाटलं. दादा त्या गाडीबरोबर गेलाच नव्हता. मग गॅरेजमध्ये होत्या नव्हत्या त्या सगळ्या इंजिनांची टॅपेट त्याने ढिली केली, वर झाकणं चढवली आणि एकेकावर हात ठेवून पाहिला. सगळे पत्रे गार होते.

चांगुणा मात्र सावरली. ती पोटभर जेवू लागली, दळताना गुणगुणू लागली. शेजारच्या बायका म्हणाल्या, बरं झालं, बाई माणसात आली. गहिनीला बरं वाटलं आणि थोडं खुपलंही, की एवढ्यात विसरली. आपण इकडे गार पत्रे चाचपत फिरतोय आणि हिच्या घरातून पिठल्याचा वास येतोय.

पौषातल्या एका सकाळी ऊन वर आलं तरी तिची हालचाल दिसेना. थंडी मरणाची होती. गहिनीने दार लोटलं.

ती बाजेशेजारी खाली बसून ज्वारी निवडत होती. बाजेवर डोक्यापासून पायापर्यंत वाकळ पसरलेली होती.

“हळू बोला,” ती म्हणाली.

वाकळ मध्ये उंच होती. कुशीवर झोपलेल्या माणसाएवढी. खोलीत इंजिन ऑइलचा वास होता.

गहिनीचा हात पुढे गेला. तिने त्याचं मनगट धरलं.

“मी बी बघत न्हाई. तोंड बघायचा हट्ट सोडला, तवा हे आले.”

त्याने हात मागे घेतला.

दारातून गार वारा आत शिरला आणि वाकळीचा पायाकडचा कोपरा उलटला. गहिनी पटकन वाकला. तोंड भिंतीकडे फिरवून, चाचपडत त्याने कोपरा धरला आणि खाली ओढला.

कोपरा त्याच्या बोटांतून निसटला. थंडीने जाग येऊ पाहणाऱ्या माणसाने आतूनच तो ओढून पायांखाली दाबून घेतला.