एकेचाळीस नंबरची बोअर

तोडणीआधी ऊस पेटवायचे दिवस होते. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर रोज काळी राख पडायची. पहिल्या आठवड्यात मंजिरी चिडली, दुसऱ्या आठवड्यापासून कपडे खोलीतच वाळवू लागली.

उत्तर क्वीन्सलँडमध्ये बर्डेकिन नदी समुद्राला मिळते, तिथला हा सपाट मुलूख. नजर पोचेल तिथवर ऊस, उसातून जाणारे कारखान्याचे अरुंद रूळ आणि पंप. सगळी मदार वाळूच्या पोटातल्या गोड्या पाण्यावर. पण गेल्या वर्षापासून समुद्राचं खारं पाणी आत सरकत होतं. ते कुठवर आलंय हे मोजायला भूजलतज्ज्ञ मंजिरी सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर आली होती. नवरा हृषिकेश आणि मुलगी ईशानी मेलबर्नला, पॉइंट कुकच्या घरी.

ती राहायची व्हिन्स रिनाल्डीच्या शेतावर. व्हिन्सच्या आजोबांनी ऊसतोड मजुरांसाठी सहा खोल्या बांधल्या होत्या. मशीन आल्यावर मजूर गेले. पाच खोल्यांत गांधीलमाश्या, सहाव्या खोलीत मंजिरी. व्हिन्स पंच्याऐंशीचा, एकटा. बायको कार्मेला वर्षापूर्वी गेली होती.

कामात अवघड काही नव्हतं. बोअरचं झाकण उघडायचं, टेप आत सोडायची, टोक पाण्याला टेकलं की पीप वाजतं, आकडा लिहायचा. एकेचाळीस नंबरची बोअर सगळ्यात शेवटची, शेतापासून तीन किलोमीटरवर, खारफुटीला लागून. पाणी जमिनीखाली चार मीटर दहा सेंटिमीटरवर, चवीला खारट.

एका सकाळी तिथे पोचल्यावर तिने ईशानीला फोन केला, तर ती म्हणाली, “आई, आय'म बिझी. लेटर, ओके?” हृषिकेश मीटिंगमध्ये होता. चार दिवसांत आपण मराठीत धड एक वाक्य बोललो नाही, हे मंजिरीच्या लक्षात आलं. ती बोअरच्या पाइपवर वाकली आणि गंमत म्हणून म्हणाली, “काय गं, बरी आहेस ना?”

आवाज परत आला. जरा उशिराच.

मग ती सवयच झाली. डबा खाता खाता ती बोअरशी बोलायची. ईशानी आता दार लावून बसते, हृषिकेशशी बोलताना मध्येच विषय संपतात, असलं काहीबाही. तीन आठवड्यांनी पाणी तीन साठवर आलं. मग दोन नव्वद. खारटपणाही उतरला. शेजारच्या बोअर मात्र होत्या तिथेच.

तिने टेप बदलली. आकडा तोच. एका फेरीला ती मुद्दाम गप्प बसली, पाणी हललं नाही. पुढच्या फेरीला अर्धा तास बोलली आणि पुन्हा टेप सोडली. पाणी बारा सेंटिमीटर वर आलं होतं. समुद्राला तेव्हा ओहोटी होती.

तिने व्हिन्सला सहज विचारल्यासारखं विचारलं, “एकेचाळीसकडे कोणी जायचं का?”

व्हिन्सने मगातल्या चहाचा एक घोट घेतला.

“कार्मेला जायची. रोज दुपारी. तिथे बसून इटालियनमध्ये बडबडायची. मुलगा पर्थला गेला तेव्हापासून.”

“मग?”

“मग काही नाही. चाळीस वर्षं हे शेत सोडून एक रात्र बाहेर राहिली नाही. बहिणीच्या लग्नालासुद्धा गेली नाही. मला वाटायचं, तिला शेत आवडतं.” त्याने उरलेला चहा गवतावर ओतला. “तू जास्त बोलू नकोस, लव्ह.”

त्या दुपारी मंजिरीने ऑफिसला मेल केली. कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं का, असं त्यांनी विचारलं होतं; तिने नाही म्हणून कळवलं.

शेवटच्या दिवशी ती गप्पच राहायचं ठरवून गेली.

झाकणाचा आटा फिरवला. टेप सोडायची गरजच पडली नाही. पाणी पाइपच्या तोंडाशी होतं. काठाच्याही किंचित वर, फुगून, पण सांडत नव्हतं.

वारा पडला होता. खारफुटीत एकही पाखरू बोलत नव्हतं.

तिने बोट बुडवून जिभेला लावलं. गोडं होतं.

तिने झाकण परत बसवायला उचललं. आणि कोणाच्याही दारातून निघताना तोंडून निघतं तसं निघून गेलं, “येते हं.”

पॉइंट कुकला परतल्याला दोन आठवडे झाले होते. ईशानी दार उघडं ठेवू लागली होती. रविवारी दुपारी मंजिरी तिच्याबरोबर कणीक मळत होती, तेव्हा व्हिन्सचा फोन आला.

“एकेचाळीसचं झाकण उडालंय. पाणी वाहतंय. समुद्राकडे नाही, शेताकडे. चढाच्या बाजूला.” तो धापा टाकत होता. “निघताना तू तिला काय म्हणालीस?”

“काही नाही. येते म्हणाले. आमच्यात निघताना जाते म्हणत नाहीत.”

“म्हणजे, तू येणार आहेस?”

ईशानी पिठाचे हात तसेच धरून मंजिरीकडे बघत होती.

“तुझ्या खोलीपर्यंत आलं ते,” व्हिन्स म्हणाला. “दाराखालून आत गेलं. मी आत्ताच उघडून पाहिलं. जमीन कोरडी आहे. गादी कोरडी आहे. दोन उशांपैकी फक्त एक ओली आहे, आणि तिला मधोमध खळगा पडलाय, कोणी डोकं टेकल्यासारखा.”

पलीकडून त्याने खोलीचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

“भिंतीकडची. तू दाराकडे झोपायचीस ना?”

“हो,” मंजिरी म्हणाली.