चार किलोमीटर गेले कुठे?

"मामा, एकदाच! एकदाच घंटा वाजवू दे ना!" भोपू दोरीला लोंबकळत ओरडला.

"गाडी नसताना घंटा नाही!" मामा म्हणाला. दर सुट्टीतलं हे ठरलेलं उत्तर. पण आज त्याच्या आवाजात जीव नव्हता.

मामा स्टेशनमास्तर. स्टेशन केवढं? एक फलाट, एक बाक आणि मामाने जिवापाड जपलेल्या अकरा कुंड्या! प्रतीक्षालयाच्या भिंतीवर सकाळीच प्रांताच्या नव्या रेल्वेजाळ्याचा भलामोठा नकाशा लागला होता. त्यात मामाचं स्टेशनच नव्हतं.

"वरच्यांनी विचार करूनच गाळलं असेल," मामा पुटपुटला. "दाखवायला आणलेला हा नकाशा साहेब पाचच्या गाडीने सहीला नेणार. सही झाली की इथे कुलूप."

भोपूच्या बहिणीला सगळे मोजपट्टी म्हणत. दिसेल ते मोजायची खोड तिला. भोपूचे कानसुद्धा सुटले नव्हते! मामाचा पडलेला चेहरा तिला बघवेना. तिने पट्टी काढली आणि ती नकाशाला भिडली.

"एका सेंटीमीटरला एक किलोमीटर. मागच्या स्टेशनापासून पुढच्यापर्यंत चौदा. मामा, तुझ्या फलकावर तर अठरा लिहिलेत! मग चार किलोमीटर गेले कुठे?"

"नदीने खाल्ले!" भोपू म्हणाला. "बघ ना, इकडून येते खाली आणि तिकडे निघते एकदम वर. नदी काय उडी मारते?"

मोजपट्टीने तिथे बोट फिरवलं. कागद जाड लागला. दोन तुकडे चिकटवलेले!

"साहेब, तुमचा नकाशा चुकलाय!" ती ओरडली.

बाकावर पेंगणारे आराखड्याचे साहेब दचकले. "लहान तोंडी मोठा घास! महिनाभर मान मोडून काढलाय मी तो!"

"मग पैज! चुकला नसेल, तर तुमची बॅग आम्ही गाडीत चढवू."

"आणि चुकला असेल तर?"

"तर दुरुस्त करायचा. आत्ता!"

साहेब हसून कबूल झाले. मामाच्या चहाची किटली उकळतच होती. मोजपट्टीच्या सांगण्यावरून मामाने ती जोडापाशी धरली. वाफेने डिंक सुटला, कागदाची कड वर आली, आणि खालून चार सेंटीमीटर नकाशा बाहेर पडला. नदीचं वळण, पूल आणि पुलाशेजारी एक टिंब. मामाचं स्टेशन!

साहेबांचं तोंड उघडंच राहिलं. "डिंक मीच लावला होता," ते ओशाळून म्हणाले. "चिकटवला आधी आणि स्टेशनं मोजली नंतर! काखेत कळसा अन् गावाला वळसा! पोरांनो, आमच्या कचेरीत कुणाला सुचलं नाही ते तुम्ही करून दाखवलंत." त्यांनी लाल पेन्सिल मोजपट्टीच्या हातात दिली आणि तिने त्या टिंबाभोवती गोल काढला. खाली साहेबांनी लिहिलं, 'सर्व गाड्या थांबतील.'

मामाने दोघांना जवळ घेतलं, डोळे पुसले आणि घड्याळाकडे पाहिलं. पाचच्या गाडीला अजून तासभर होता.

"भोप्या," तो म्हणाला, "वाजव रे घंटा!"